सव्वा स्टॉपची किंमत

साशंक : तालुक्याच्या गावात लग्नाची कामं करणारा एक तरुण डोळ्यांसमोर ठेवून मी बोलणार आहे. असे तरुण मला सतत भेटतात. हातात क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो, काम बरं चाललेलं असतं, आणि कोणीतरी मनात भरवलेलं असतं की मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा घेतल्याशिवाय तू प्रोफेशनल नाहीस. मग हप्त्यावर बॉडी येते. पैसे तिथेच संपतात, म्हणून तिच्यावर किटमधली एफ ३.५ ते ५.६ ची झूम चढते. आता हिशेब करू. फुल फ्रेमवर एफ ५.६ ला सेन्सरवर एकूण जेवढा प्रकाश पडतो, तेवढा क्रॉप सेन्सरवर साधारण एफ ३.७ ला पडतो. म्हणजे जुन्याच बॉडीसाठी त्याने एफ २.८ ची एक झूम घेतली असती, तर बऱ्याच कमी खर्चात त्याला जास्त प्रकाश मिळाला असता. कर्ज काढून त्याने प्रकाश कमी केला. ज्या खरेदीत असं होऊ शकतं, तिच्याबद्दल ‘जास्त पैसे, जास्त दर्जा’ असं सरसकट कसं म्हणायचं?

पुरस्कर्ता : त्या तरुणाची खरेदी फसली हे मान्य. पण फसली ती लेन्समुळे, सेन्सरमुळे नाही. मोठा सेन्सर नेमकं काय देतो ते आधी स्वच्छ मांडू. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांचं येणं अनियमित असतं. एखाद्या जागी सरासरी १०० कण पडायचे असतील तर प्रत्यक्षात दहाएक कमी-जास्त होतात, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार. १०,००० पडायचे असतील तर शंभरएक कमी-जास्त होतात, म्हणजे फक्त १ टक्का. फोटोच्या सावल्यांत जे दाणे दिसतात ते बरेचसे या अनियमितपणाचे असतात. इलेक्ट्रॉनिक्स कितीही सुधारलं तरी ते जाणार नाहीत, कारण ते प्रकाशातच आहेत. त्यांच्यावर उपाय एकच, जास्त प्रकाश गोळा करणं. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. निकॉन, सोनी, फुजी यांचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर. कॅननचा त्याहून थोडा लहान. दृश्य तेवढंच, एफचा आकडा तोच, शटर तेच ठेवलं, तर फुल फ्रेमवर एकूण प्रकाश २.३५ पट पडतो. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप, म्हणून आपल्या भाषेत हा सव्वा स्टॉप. क्रॉपवर आयएसओ २५०० ला जितका स्वच्छ फोटो येतो, तितका फुल फ्रेमवर ६००० च्या आसपास येतो. गोरज मुहूर्ताचं लग्न, मांडवात जांभळे-निळे दिवे, फ्लॅश मारायला गुरुजींची मनाई. अशा ठिकाणी सव्वा स्टॉप म्हणजे हललेला हात आणि न हललेला हात यातला फरक असतो.

साशंक : दृश्य तेवढंच, एफचा आकडा तोच, असं तुम्ही म्हणालात. सगळी गोम तिथेच आहे. तुमचंच लग्न घेऊ. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नवरी, दोघांच्या पाठीशी मामा, कडेला आई-वडील, कलश घेतलेली करवली. घरच्यांना या एका फोटोत सगळे हवे असतात, आणि सगळ्यांचे चेहरे स्पष्ट हवे असतात. त्यासाठी फुल फ्रेमवाल्याने एफ ५.६ लावला, तर तेवढीच खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा तेवढाच पट्टा, क्रॉपवाल्याला एफ ३.७ लाच मिळते. अक्षता हवेत थांबवायला लागणारं शटर दोघांनाही सारखंच. मग फुल फ्रेमवाल्याला आयएसओ २.३५ पटीने वाढवावा लागतो. भिंग त्याने बंद करत आणलं, त्यामुळे सेन्सर मोठा असूनही त्यावर पडणारा एकूण प्रकाश दोघांकडे सारखाच झाला. दाणेही सारखेच. तुमचा सव्वा स्टॉप गेला कुठे? तो फक्त तेव्हाच हाती लागतो जेव्हा तुम्ही खोलीवर पाणी सोडायला तयार असता. आणि लग्नात, वारीत, मिरवणुकीत, जिथे माणसांचा मेळा हाच विषय असतो, तिथे खोली सोडणं म्हणजे विषय सोडणं.

पुरस्कर्ता : हे गणित बरोबर आहे आणि फुल फ्रेमचे पुष्कळ चाहते ते टाळतात, हेही खरं. मी टाळणार नाही. खोली सारखी आणि शटर सारखं असेल तर दोन्ही कॅमेरे जवळपास सारखे ठरतात. पण एका लग्नात एकच फोटो नसतो. अंतरपाटाच्या फोटोनंतर थोड्याच वेळात कन्यादान येतं. बापाच्या हातावर पाणी सोडलं जात असतं आणि त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तुम्हाला हवं असतं. तिथे खोली नको असते, प्रकाश हवा असतो. फुल फ्रेमवाला एफ १.८ पर्यंत उघडतो. क्रॉपवाल्याला तोच परिणाम हवा असेल तर एफ १.२ ची लेन्स पाहिजे. अशी लेन्स मिळते, फुजीची ५६ मिलिमीटर एफ १.२ आहे, पण तिची किंमत फुल फ्रेमच्या साध्या ८५ एफ १.८ पेक्षा कमी नाही. मोठ्या सेन्सरवर मी लहान सेन्सरसारखा फोटो केव्हाही काढू शकतो. लहानावर मोठ्यासारखा काढताना मला एका टप्प्यावर थांबावं लागतं. हे पुढे सरकण्याचं स्वातंत्र्य मी विकत घेतो.

शिवाय शटर सारखंच ठेवण्याची सक्ती प्रत्येक वेळी नसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ट्रायपॉड लावून सूर्यास्त टिपायचा आहे. वर पेटलेलं आभाळ, खाली काळोखात गेलेली दरी. मी भिंग बंद करतो आणि शटर लांबवतो, आयएसओ १०० वरच ठेवतो. सिलिकॉनचा प्रत्येक चौरस मिलिमीटर आपापल्या क्षमतेइतका प्रकाश साठवतो, माझ्याकडे चौरस मिलिमीटर जास्त आहेत. घरी येऊन दरीचा काळोख उजळायला गेलं की फुल फ्रेमच्या फाइलमध्ये कातळाचा पोत सापडतो, क्रॉपच्या फाइलमध्ये त्याच्या अलीकडेच दाणे सुरू होतात. इथे मी खोली सोडली नाही, काहीच सोडलं नाही.

साशंक : कोकणकडा तुम्हाला दिला. वारा नसेल, गवत हलत नसेल, तर ट्रायपॉडवरचा फायदा निर्विवाद आहे. पण स्वातंत्र्याचा वापर कसा होतो तेही बघा. उघडं भिंग हातात आल्यापासून लग्नाच्या अल्बममध्ये पानामागून पान तेच दिसतं : एक डोळा धारदार, बाकी सगळं विरघळलेलं. नवरीच्या मागे कोण बसलं होतं, ओटा कसा होता, भिंतीवर काय लावलं होतं, दारातली रांगोळी कुणी काढली होती, काही कळत नाही. आमच्या घरातल्या जुन्या कृष्णधवल फोटोंत मागच्या खुंटीवरची टोपीसुद्धा ओळखू येते. मला त्या फोटोंचं मोल वाटतं ते त्या खुंटीमुळे. तीस वर्षांनी ही मुलगी तिचा अल्बम उघडेल तेव्हा ती धूसर पार्श्वभूमीत आजीला शोधेल. ज्या गुणासाठी आपण लाखभर रुपये जास्त मोजतो, तो गुण नोंदीचा शत्रू होऊ शकतो, हे मला मनापासून टोचतं.

आणि अल्बमच्या छपाईचंच घ्या. आपल्याकडचा करिझ्मा अल्बम, उघडलेलं पान १२ × ३६ इंच. २४ मेगापिक्सेलचा फोटो आडवा ६,००० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला १६६ च्या आसपास. मांडीवर घेऊन बघायला पुरे. हे २४ मेगापिक्सेल क्रॉपमध्येही आहेत आणि फुल फ्रेममध्येही. तेच फोटो नातेवाइकांपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरून पोचतात तेव्हा दाबून लहान झालेले असतात. हा फरक बघणारा कोण आहे?

पुरस्कर्ता : धूसरपणाच्या अतिरेकाबद्दल तुम्ही बोललात, त्यात माझं दुमत नाही. मला तो कंटाळवाणा वाटतो. पण तो दोष डोळ्याचा आहे. बघणारा कोण, याचं उत्तर मात्र देतो. पैठणीच्या पदरावरची जर बघा. मंद प्रकाशात, वर चढवलेल्या आयएसओवर, जरीचा बारीक विणकाम असलेला भाग सगळ्यांत आधी बिघडतो. हिरव्या-जांभळ्या रेशमावर दाणे आले की रंग मळतो आणि जर पिवळ्या पट्ट्यासारखी दिसू लागते. ज्या बाईने ती पैठणी येवल्याला जाऊन निवडली, तिला सेन्सर माहीत नसतो, पण अल्बम हातात आल्यावर ती म्हणते, रंग असा नव्हता हो. तिला फरक दिसलेला असतो.

साशंक : त्यावर आता सॉफ्टवेअर आहे. २०२३ मध्ये अ‍ॅडोबने लाइटरूममध्ये एआयवर चालणारी दाणे काढण्याची सोय आणली, त्याआधीपासून डीएक्सओचं डीपप्राइम होतं. क्रॉपच्या फाइलवर ते चालवलं की सव्वा स्टॉप भरून निघतो.

पुरस्कर्ता : तेच सॉफ्टवेअर फुल फ्रेमच्या फाइलवरही चालतं, म्हणजे अंतर तिथेच राहतं. आणि ते दाण्याखालची माहिती काढत नाही, आजूबाजूच्या खुणांवरून अंदाज बांधतं. जरीची माहिती थोडी शिल्लक असेल तर अंदाज चांगला येतो. नसेल तर कापड गुळगुळीत होतं, चेहरा मेणासारखा होतो. अंदाजाला खाद्य म्हणून अस्सल प्रकाश जितका जास्त, तितका तो खरा उतरतो.

साशंक : हे मान्य करून मी आता दुसऱ्या बाजूने येतो. प्रकाशापेक्षा अंतर ज्याला छळतं त्याचं काय? भिगवणला उजनीच्या पाणथळीत फ्लेमिंगो टिपायला जाणारी मंडळी घ्या. होडी एका मर्यादेपलीकडे न्यायची नसते, नेली तर पक्षी उठतात. हाती ६०० मिलिमीटरची लेन्स आहे, तीच शेवटची, त्यापुढे खिसा जात नाही. या माणसाच्या फ्रेममध्ये पक्षी मधेच कुठेतरी असतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर त्याने क्रॉपएवढा भाग कापला तर हाती १० मेगापिक्सेल उरतात. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर पूर्ण २४ मिळतात. सेन्सरच्या कडेचा जास्तीचा भाग फक्त पाणी आणि आभाळ गोळा करत बसलेला असतो, आणि त्या पाण्या-आभाळाचे पैसे याने मोजलेले असतात. सकाळी नऊनंतर उन्हात प्रकाशाची कमतरताही नसते. या माणसाला फुल फ्रेमचा सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि मुळात ३६ × २४ हे माप आलं कुठून? जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिनेमाची फिल्म आडवी चालवून १८ × २४ ची चौकट दुप्पट केली. १९२५ मध्ये लायका बाजारात आला. त्या काळी मोठ्या काचेच्या प्लेटा वापरणारे फोटोग्राफर या मापाला खेळणं समजत. दर्जा थोडा सोडून कॅमेरा खिशात मावावा, चटकन उचलता यावा, यासाठी जन्मलेलं हे माप. लहान आणि हलक्याच्या बाजूने घेतलेला निर्णय होता तो. आज त्याच मापाला आपण मोठेपणाची कसोटी मानतो आणि त्याहून हलकं काही हातात असेल तर संकोचतो.

पुरस्कर्ता : भिगवणच्या माणसाला मी क्रॉपच घ्यायला सांगेन. फुल फ्रेममध्येही दाट पिक्सेलचे कॅमेरे आहेत. सोनीच्या ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा आणि २६ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा एकेक पिक्सेल सारखाच, ३.७६ मायक्रोमीटरचा. एकाच ठाणातून कमी-जास्त कापड फाडावं तसे ते दोन सेन्सर आहेत. म्हणजे मोठ्यातून लहान केव्हाही कापून घेता येतो. पण त्या बॉडीचे पैसे ज्याच्याकडे आहेत तो ६०० वर अडकणार नाही, म्हणून हा युक्तिवाद मी तुमच्या माणसावर लादत नाही.

बारनाकांचा दाखलाही मी मनापासून स्वीकारतो. ३६ × २४ मध्ये पवित्र काही नाही. क्षेत्रफळच सर्वस्व असतं तर मी ४४ × ३३ चा सेन्सर मागितला असता. फुजीने तेच केलं, क्रॉपवरून फुल फ्रेमवर न थांबता सरळ मिडियम फॉरमॅटला गेली. ३६ × २४ टिकलं ते पुष्कळसं जुन्या लेन्समुळे. फिल्मच्या काळापासून लोकांकडे लेन्स साठलेल्या होत्या आणि क्रॉपवर २८ मिलिमीटरची वाइड लेन्स ४२ सारखी वागायची. २००२ मध्ये कॅननचा फुल फ्रेम वन डीएस सुमारे ८,००० डॉलरला आला. मोठ्या सेन्सरच्या बाबतीत सिलिकॉनच्या चकतीवर एक धुळीचा कण पडला तरी मोठा तुकडा वाया जातो, आणि तो छापायला एक झोत पुरत नाही, भाग जोडावे लागतात, म्हणून तो महाग. २००५ मध्ये फाइव्ह डी ३,३०० डॉलरला आला. २०१९ मध्ये कॅननचा आरपी १,३०० ला आला.

आता गंमत बघा. २०२० मध्ये निकॉनचा झेड ५, फुल फ्रेम, १,४०० डॉलर. २०२३ मध्ये सोनीचा ए ६७००, क्रॉप, तोही १,४०० डॉलर. बॉडीत फुल फ्रेमचा जास्तीचा खर्च जवळपास विरला आहे. राहिल्या लेन्स. तिथे दोन लेन्स समोरासमोर ठेवू. सिग्माने २०२५ मध्ये क्रॉपसाठी १७-४० एफ १.८ आणली. फुल फ्रेमच्या भाषेत ती साधारण २६-६० एफ २.७ होते. टॅमरॉनची फुल फ्रेमसाठीची २८-७५ एफ २.८ आहे. दोन्हींचं वजन सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅम, आणि बाजारात आल्या तेव्हाची किंमत ९०० डॉलरच्या आसपास. सारखा प्रकाश हवा असेल तर सारखी काच लागते, सारखे पैसे लागतात. सेन्सर लहान केल्याने प्रकाश स्वस्त होत नाही.

साशंक : ही तुलना मला आवडली. तिच्यामुळे आपला मूळ प्रश्न जरा हलला. आपण इतका वेळ सेन्सरच्या मापाची किंमत शोधत होतो, खरी किंमत प्रकाशाची आहे. पण याचा दुसरा अर्थही बघा. क्रॉपची बचत तेव्हाच खरी असते, जेव्हा माणूस म्हणतो की मला एवढाच प्रकाश पुरे. एफ २.८ ची छोटी झूम, अर्धा किलोच्या आतली बॉडी, दिवसभर गळ्यात. पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर चालणाऱ्याला हे पुरेसं असणं किती मोठं आहे, हे चालल्यावर कळतं. त्याचे चुकलेले फोटो दाण्यांमुळे चुकलेले नसतात. खांदा दुखला म्हणून कॅमेरा पिशवीत गेला आणि तेव्हाच रिंगणात घोडा सुटला, असे ते चुकलेले असतात. आणि इथे कंपन्यांवर माझा राग आहे. पुरेसं म्हणणाऱ्या माणसासाठी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं चांगल्या लहान लेन्स फारशा केल्या नाहीत. ए ६७०० मध्ये कार्डाचा खण एकच ठेवला. लग्नाचं काम करणाऱ्याला दोन खण हवेतच, एक कार्ड गेलं तर ते लग्न परत लागत नाही. कॅननच्या आर ७ मध्ये, फुजीच्या एक्सटी ५ मध्ये दोन खण आहेत, म्हणजे तांत्रिक अडचण नाही. वरच्या पायरीवर ढकलण्यासाठी खालची पायरी अरुंद ठेवली जाते. तुमच्या फुल फ्रेमच्या बाजूने जाणाऱ्या अनुभवांपैकी किती सेन्सरचे आणि किती या अरुंद पायरीचे?

पुरस्कर्ता : बरेचसे पायरीचे असतील, हे नाकारत नाही. तरी एक भाग शिल्लक राहतो आणि तो मला सोडवत नाही. पुरेसं किती, हे आधी कळत नाही. शंभर फोटोंतले नव्वद-पंचाण्णव दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखे येतील. उरलेले पाच कोणते असतील हे ठरवण्याचा अधिकार फोटोग्राफरकडे नसतो. वीज जाते, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो, आणि नेमकं तेव्हाच समईच्या उजेडात सून उंबरठ्यावरचं माप ओलांडते. मी जास्तीचे पैसे त्या पाचांसाठी मोजतो. सरासरी फोटोवर तुम्ही त्या पैशांचा हिशेब मांडलात तर तो नेहमीच तोट्यात येणार.

साशंक : मग त्याच न्यायाने मी म्हणेन की ते पैसे त्याने दुसऱ्या बॉडीवर घालावेत. त्या पाच फोटोंच्या वेळी दाणे येण्यापेक्षा कॅमेरा बंद पडणं जास्त भयंकर. एक फुल फ्रेम की दोन क्रॉप, असा पर्याय असेल तर कामाच्या माणसाने दोन घ्याव्यात. एकीवर वाइड, दुसरीवर टेली, लेन्स बदलण्यात क्षण जात नाही. नंतर कमाई झाली की पुढचं बघावं.

पुरस्कर्ता : पुढचं बघावं म्हणता, तिथेच त्याची खरी कोंडी आहे. क्रॉपसाठी घेतलेल्या चांगल्या लेन्स फुल फ्रेमवर लावल्या की पूर्ण चौकट भरत नाही. लागल्या तरी मधला भागच वापरता येतो. म्हणजे आज त्याने शहाणपणाने क्रॉपची १७-४० घेतली आणि चार वर्षांनी बदलायचं ठरवलं, तर लेन्ससकट सगळं विकावं लागणार. उलट आधी लेन्स, मग बॉडी, या जुन्या सल्ल्याप्रमाणे आजच फुल फ्रेमची २४-७० घेऊन क्रॉप बॉडीवर लावली, तर ती ३६-१०५ सारखी वागेल. मांडवात मागे सरकायला जागा नसताना त्याला वाइड मिळणार नाही, आणि तुम्ही ज्याचं एवढं कौतुक केलंत तो हलकेपणाही नाही.

साशंक : म्हणजे त्याला किती प्रकाश लागेल हे कळण्याआधीच त्याने ते ठरवलेलं असलं पाहिजे.

पुरस्कर्ता : आणि ते कळायला निदान एक-दोन लग्नसराया हातात कॅमेरा घेऊन काढाव्या लागतात. भाड्याने दोन्ही वापरून पाहता येतात. पुण्या-मुंबईत ते सोपं आहे, तुमच्या तालुक्याच्या गावात मात्र भाड्याचा कॅमेरा आणायला जाण्यायेण्यातच एक दिवस मोडतो.

साशंक : तरी मी त्याला तो दिवस मोडायला सांगेन. आणि जाताना गेल्या लग्नसराईतले टाकून दिलेले फोटो बरोबर घ्यायला सांगेन, म्हणजे दाण्यांमुळे किती टाकले आणि पोचायला उशीर झाला म्हणून किती टाकले, ते तरी मोजून होईल.

पुरस्कर्ता : मोजू दे. फक्त जे फोटो अंधार बघून त्याने काढलेच नाहीत, ते त्या मोजदादीत येणार नाहीत. माझा सगळा दावा त्या फोटोंवर उभा आहे.